बावीस इंचांचं डोकं

टोपीमास्तरांच्या दुकानात टेप होती, खडू होते, कात्र्या होत्या, दोन शिलाई मशिनं होती आणि मापांची एक जाडजूड वही होती. लाकडी डोकं मात्र नव्हतं. इतर टोपीवाल्यांकडे लाकडाची डोकी असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेली, आणि शिवलेली टोपी त्यांच्यावर चढवून बघायची असते. मास्तरांना हा प्रकार निव्वळ बावळटपणाचा वाटायचा. "लाकडाला टोपी घट्ट झालेली कळते का?" असं ते विचारायचे, आणि समोरचा गप्प बसला की स्वतःच्या कपाळावर दोन बोटं आपटून म्हणायचे, "हे घ्या माप. बावीस इंच. एक दोरा इकडे नाही, एक दोरा तिकडे नाही."

दुकान उघडलं त्या दिवशी त्यांनी आपल्या डोक्याला टेप लावली होती आणि ती बरोब्बर बावीस भरली होती. टोप्यांच्या धंद्यात बावीस म्हणजे अगदी मधलं माप. आपला जन्म ह्याच धंद्यासाठी झाला असणार, हे मास्तरांनी तेव्हाच ओळखलं. त्या दिवशी शिवलेली करड्या लोकरीची पहिली टोपी त्यांनी विकली नाही; ती आरशाशेजारच्या खुंटीवर टांगली आणि एकतीस वर्षं तिला कुणाला हात लावू दिला नाही. धंद्याची पद्धतही तेव्हाच ठरली. नवीन काम आलं की नमुन्याची एक टोपी शिवायची. मास्तर ती घालून आरशापुढे उभे राहणार. कानाच्या वर एक बोट जागा सोडून बसली तर ठीक. घट्ट वाटली तर कागदी फर्मा थोडा वाढवायचा, सैल वाटली तर कमी करायचा, आणि त्या फर्म्यावरून बाकीचं कापड कापायचं. लहान मापं त्याच्याहून अर्धा इंच कमी, मोठी अर्धा इंच जास्त. म्हणजे शहरातले चौकीदार, पोस्टमन, बसचे वाहक आणि बँडवाले हे सगळे, म्हटलं तर, मास्तरांचंच डोकं घालून हिंडत होते.

कापायचं काम मेहुण्याकडे होतं. हा मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी त्याला बारक्या म्हणायचे. पुढे तो दारातून वाकून आत येण्याइतका उंच झाला, पंचावन्न वर्षांचा झाला, तरी बारक्याच राहिला. लग्न केलं नाही. बोलणंही बेताचंच. त्याची कात्री कापडातून अशी जायची की आवाज ऐकून मास्तरांना डुलकी लागायची. सव्वीस वर्षं दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे होते आणि एवढ्या वर्षांत त्यांचं एकदाच वाजलं होतं. चार वर्षांपूर्वी बारक्या म्हणाला होता, "दाजी, फर्मा जरा मोठा होत चाललाय असं वाटतं." त्यावर मास्तरांनी त्याला आठवडाभर ऐकवलं होतं. कात्रीने कात्रीचं काम करावं, डोक्याचं काम डोक्यावर सोडावं, असा त्याचा मथितार्थ होता. बारक्या त्यानंतर त्या विषयावर बोलला नाही.

मग बँडवाल्यांचं काम आलं. चाळीस टोप्या, गडद निळ्या, पुढे पितळी बिल्ला. नमुना झाला, मास्तरांच्या डोक्यावर बसला, फर्मा मंजूर झाला, आणि मास्तर दुपारचे जेवायला घरी गेले. एरवी ते जेवून तासभर पडायचे. पण गेले कित्येक महिने त्यांचं डोकं रोज दुखायचं, डाव्या कानात माशी अडकल्यासारखं गुणगुणायचं, आणि त्या दिवशी पडून राहवेना म्हणून ते लवकर परतले. टेबलावर कापलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. सहज चाळा म्हणून त्यांनी एक पट्टी फर्म्यावर ठेवली. ती तोकडी होती. दुसरी ठेवली, तीही तोकडी. सगळ्या तोकड्या, आणि सगळ्या सारख्याच तोकड्या, चांगल्या दीड इंचाने.

"हे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

बारक्याने कात्री खाली ठेवली. "पट्ट्या आहेत, दाजी."

"ते मला दिसतंय. फर्म्याप्रमाणे का नाहीत?"

बारक्या टेबलावरची कातरणं गोळा करू लागला.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील."

"म्हणजे दोन-तीन वर्षं तू माझ्या मापात खोट काढतोयस. का?"

बारक्याने मास्तरांच्या कपाळाकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हे मिटलेलं तोंड बघून मास्तरांचा पारा जो चढला, तो खाली येईपर्यंत त्यांनी बरंच काही बोलून घेतलं. त्यातलं बहुतेक विसरण्यासारखं होतं. एक वाक्य मात्र तसं नव्हतं. "बायकोचा भाऊ म्हणून ठेवून घेतला, नाहीतर तुला कुणी दारात उभं केलं नसतं," असं ते म्हणाले. बारक्याने आपली कात्री फडक्यात गुंडाळली, डोकं वाकवून दारातून बाहेर पडला, आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या पडद्यांच्या दुकानात कापड कापताना दिसला. पडद्यांना डोकं नसतं, त्यामुळे तिथे बरं वाटतं, असं त्याने बहिणीला सांगितल्याचं कळलं.

मास्तरांनी नवीन कापड आणलं आणि चाळीस टोप्या स्वतः कापल्या, फर्म्याला धरून, इमानाने. त्यांचं उद्घाटन नगरपालिकेच्या नव्या बागेत झालं. ढोलाच्या पहिल्याच ठोक्याला बँडमास्तरची टोपी नाकावर आली. त्याचे दोन्ही हात काठी फिरवण्यात गुंतलेले असल्यामुळे त्याला ती वर करता येईना, आणि पाहुण्यांसमोर थांबणं बरं दिसत नाही म्हणून तो चालत राहिला. वळणावर तो न वळता सरळ फुलांच्या वाफ्यात गेला. मागच्या एकोणचाळीस जणांना तो चुकल्याचं दिसायला हवं होतं, पण त्यांच्याही टोप्या नाकावरच होत्या. सगळा बँड वाजत वाजत फुलांमधून पलीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बँडमास्तरने दोन पोती आणून दुकानात ठेवली. "मास्तर, आमचा वाजवायचा बँड आहे, आंधळी कोशिंबीर खेळायचा नाही."

"तुमच्या लोकांची डोकी लहान आहेत, त्याला मी काय करू?" मास्तर म्हणाले.

"गेली पंधरा वर्षं ह्याच डोक्यांना तुमच्या टोप्या बसत होत्या. चार महिन्यांनी आमचा मोठा कार्यक्रम आहे. तोवर बसवून द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे शिवून घेऊ."

त्या रात्री जेवताना मास्तरांनी बायकोला आपला नवा शोध सांगितला. हल्ली लोकांची डोकी लहान होत चालली आहेत. हवा बदलली, खाणं बदललं, वाचन कमी झालं, त्याचा परिणाम कुठेतरी दिसणारच.

"सगळ्या गावाची डोकी लहान झाली," बायको म्हणाली, "आणि तुमचं एकट्याचं तेवढं जागेवर राहिलं?"

"माझं माप आहे. माप कसं बदलेल?"

बायकोने त्यांच्या ताटात आमटी वाढली. भाऊ दुकान सोडून गेल्यापासून ती आमटीत मीठ अगदी बेताचं टाकत होती, बोलणंही तसंच.

माणसाचा स्वतःवरचा विश्वास डळमळला की तो जुन्या गोष्टींना हात घालतो. सकाळी दुकान उघडल्यावर मास्तरांनी खुंटीवरची करडी टोपी काढली आणि आरशापुढे उभं राहून घातली. ती डोक्यात गेलीच नाही. पातेल्यावर लहान झाकण ठेवल्यासारखी वर बसून राहिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी खाली ओढली, तर एक टाका उसवला. ते तसेच घरी गेले.

"तू ही धुतलीस," त्यांनी बायकोवर आरोप केला. "लोकर आटली."

"मी तुमच्या त्या टोपीला आजवर बोट लावलेलं नाही. लावलं असतं तर तिच्यातली कसर तरी गेली असती. आणि डोकं दुखतं, कानात वाजतं, म्हणून सहा महिने कण्हताय. आज डॉक्टरकडे जा, नाहीतर मी जेवण वाढणार नाही."

डॉक्टरबाई वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी डोकेदुखीचं ऐकून घेतलं, कानाचं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "टोपी वापरता का?"

मास्तर ताठ बसले. "शिवतो."

"हल्ली घट्ट होतात का?"

"घट्ट होत नाहीत. आटतात."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"शर्टाच्या कॉलरी आटतात? मोजे?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. टोप्याच."

बाईंनी कवटीचा एक्सरे काढायला लावला, रक्त घ्यायला लावलं आणि चार दिवसांनी परत बोलावलं. त्या वेळी त्यांनी ड्रॉवरमधून प्लॅस्टिकची एक टेप काढली आणि मास्तरांना काही कळायच्या आत त्यांच्या डोक्याभोवती गुंडाळली. एकतीस वर्षांत मास्तरांच्या डोक्याला दुसऱ्या कुणी टेप लावली नव्हती.

"साडेतेवीस," बाई म्हणाल्या.

"तुमची टेप खोटी आहे," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "प्लॅस्टिक आखडतं, मग माप जास्त दाखवतं. बावीस आहे." त्यांनी गळ्यातली आपली टेप काढली, ती ते दवाखान्यातही गळ्यात घालूनच आले होते. स्वतःच्या हाताने डोक्याभोवती घेतली, अंगठ्याने खूण धरली आणि खिडकीपाशी जाऊन उजेडात बघितली. मग टेप उलटी करून दुसऱ्या टोकाकडून मोजलं. दोन्हीकडून विचारलं तरी तिचं उत्तर एकच होतं. मास्तर खुर्चीत येऊन बसले.

बाईंनी एक्सरे उजेडापुढे धरला. "हे बघा. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नवीन बनतं. सगळ्यांचंच. तुमच्या कवटीत हे काम फार घाईने चाललंय. पाडणारे आणि बांधणारे, दोघंही मोकाट सुटलेत. नवीन हाड जाड होतंय, पण कच्चं."

"म्हणजे गवंडी वाईट," मास्तर म्हणाले.

"गवंडी वाईट आणि वर मुकादम नाही. तो मी देतेय." बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. "रोज सकाळी एक गोळी. रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. ताठ बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि नंतर आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. त्यानंतर दोन तास पोटात काही जाता कामा नये. दूध तर नाहीच, दुधामुळे गोळी वाया जाते."

"चहा?"

"चहात दूध घालता?"

"दुधात चहा घालतो."

"मग दोन तासांनी. सहा महिने चालेल हे. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासू. आणि चालढकल करू नका. हाड असंच वाढत राहिलं तर कानाच्या नसेवर दाब येईल आणि गुणगुणणारा कान कायमचा जाईल."

मास्तर पायी घरी निघाले. बँकेच्या दारात चौकीदार बसला होता. त्याची टोपी दोन वर्षांपूर्वी दुकानातून गेली होती. ती कानाच्या वर बरोब्बर एक बोट होती. पुढे पोस्टमन भेटला, त्याचीही एक बोट. बसथांब्यावर वाहक उभा होता, त्याचीही तशीच. मास्तर चालता चालता थांबले. ह्या सगळ्या टोप्या फर्म्याप्रमाणे कापलेल्या असत्या तर ह्या लोकांच्या नाकावर यायला हव्या होत्या. त्या नाकावर आल्या नव्हत्या, कारण त्या फर्म्याप्रमाणे कापलेल्या नव्हत्या. बारक्याने नमुन्याची टोपी तेवढी दाजींच्या मापाची कापली होती आणि बाकीच्या गावाच्या मापाच्या. दोन-तीन वर्षं तो गुपचूप दुकानाची अब्रू राखत होता, आणि त्याला दारात कुणी उभं केलं नसतं म्हणे. मास्तरांना रस्त्याच्या मधोमध शरम वाटली. ती इतकी वाटली की त्यांनी घरी जाताना पडद्यांच्या दुकानाकडे बघायचं टाळून लांबचा रस्ता धरला.

चांगल्या माणसाने तडक जाऊन माफी मागितली असती. मास्तर चांगलेच होते, पण एकतीस वर्षं स्वतःच्या डोक्याला माप म्हणवून घेतलेल्या माणसाला, माझं माप चुकलं, हे शब्द तोंडातून काढणं सोपं नसतं. रस्ताभर विचार करून त्यांनी तोड काढली. वाढलेलं डोकं म्हणजे आजार. आजारावर गोळी आहे. गोळीने आजार गेला की डोकं परत बावीसवर येणार. सहा महिन्यांत दीड इंच, म्हणजे महिन्याला पाव इंच, फार नाही. निम्मं जरी उतरलं तरी बँडचं काम निभावेल. मग फर्मा आपोआप बरोबर होईल आणि बारक्याला उदार मनाने परत बोलावता येईल. कुणाला काही सांगायला नको.

बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं की हाडाचा आजार आहे.

"कुठल्या हाडाचा?"

"आहे एक."

"कुठलं पण?"

"वरचं," मास्तर म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

गोळी सुरू झाली. ती बोटाच्या पेराएवढीही नव्हती, पण तिने घरात एखाद्या सासूसारखा जम बसवला. मास्तरांचा आजवरचा रिवाज असा की डोळे उघडायच्या आधी हात उशाशी जायचा आणि तिथे चहा असायचा. आता तिथे पाण्याचा ग्लास असायचा. सहाच्या ठोक्याला बायको त्यांना स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीत ताठ बसवायची, गोळी हातात द्यायची आणि समोर घड्याळ ठेवायची. मग स्वतःसाठी चहा करायची. तो वास घरभर फिरायचा. मास्तर मागे रेलले की ती म्हणायची, "ताठ." पहिल्या आठवड्यात तिने डबीतला कागद भिंगातून वाचून काढला. मळमळ होऊ शकते, असं तिने वाचलं, तर मास्तरांना मळमळलं. पोट बिघडू शकतं, तर ते बिघडलं. पाय दुखू शकतात म्हटल्यावर ते दोन दिवस लंगडले. शेवटी डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून तिने तो कागद डाळीच्या डब्यात लपवला आणि मास्तरांना लगेच बरं वाटलं.

त्या दोन तासांत बायको भावाबद्दल बोलायची. एरवी मास्तरांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नसतं, पण चहा न घेतलेल्या माणसाच्या अंगात वाद घालायचं बळ नसतं. बारक्या रात्री पाव खाऊन झोपतो. बारक्याचा शर्ट खांद्यावर फाटलाय. पडद्यांचा मालक बारक्याला उभ्याने जेवायला लावतो. ती रडायची नाही, भांडायची नाही, बातम्या सांगितल्यासारखी सांगायची, आणि मास्तर ताठ बसून घड्याळाकडे बघत राहायचे.

दर शनिवारी ते दुकानाचं दार लावून डोकं मोजायचे आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकडा लिहायचे. साडेतेवीस. साडेतेवीस. साडेतेवीस. एकदा त्यांनी टेप जरा आवळली आणि सव्वातेवीस लिहिलं, पण पुढच्या शनिवारी लाज वाटून खोडलं. बँडच्या दोन पोत्यांवर धूळ साचली. बायको एकदा म्हणाली, "टेपेने बावीस मोजून का नाही कापत?" मास्तर म्हणाले, "टोपी टेपेवर बसत नाही, डोक्यावर बसते." हे वाक्य ते एकतीस वर्षं म्हणत आले होते. ह्या वेळी ते म्हणताना त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं.

तीन महिने झाले. रक्ताचा कागद बघून डॉक्टरबाई खूश झाल्या. "फार छान. आकडा निम्म्याहून खाली आला. गोळी अगदी नियमाने घेतलेली दिसते. डोकं दुखतं का?"

"कमी आहे."

"कान?"

"माशी असते, पण आता झोपाळू झालीय."

"उत्तम."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. "बाई, सगळं उत्तम आहे तर डोकं लहान का होत नाही? तेरा शनिवार मोजतोय. दोराभरही हललं नाही."

बाईंनी चष्मा काढला. "ते होणार नाही. मी आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं. ही गोळी वाढ थांबवते. जे हाड वाढलं ते वाढलं, ते परत जात नाही. तेरा शनिवार तोच आकडा येतोय ना? तेच तर गोळीचं काम आहे."

मास्तरांनी टेपेची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. "म्हणजे हेच माझं डोकं."

"हेच," बाई म्हणाल्या. "आणि चांगलं आहे."

त्या रात्री मास्तरांना झोप आली नाही. सकाळी सहाला त्यांनी गोळी घेतली, पाणी प्याले, ताठ बसले आणि साडेसहाला उठून चपला घालू लागले.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"आडवं व्हायचं नाही म्हणून सांगितलंय. घरात उभं राहून काय करू? फिरून येतो."

"बारक्या पावणेसातला उठतो," बायको चहाकडे बघत म्हणाली.

मास्तर आधी दुकानात गेले. खुंटीवरची करडी टोपी काढून त्यांनी पिशवीत टाकली आणि मागच्या गल्लीतल्या लाँड्रीचा जिना चढले. वर बारक्याची खोली होती. त्याने दार उघडलं, दाजींना बघितलं आणि बाजूला झाला. मास्तर आत जाऊन एकुलत्या एका खुर्चीत बसले. बारक्याने स्टोव्ह पेटवला. त्याच्याकडे पाहुणा कधी येत नसावा, कारण दोन कपांपैकी एक त्याला फळीच्या मागून शोधून, धुवून घ्यावा लागला. त्याने चहा केला, सगळं दूध दाजींच्या चहात ओतलं, स्वतःला कोरा घेतला, आणि कप दाजींपुढे धरला.

मास्तरांनी कपाकडे बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच कमी होते. अजून एक तास.

"मला नको," ते म्हणाले.

बारक्याचा हात तसाच राहिला. साडेतीन महिन्यांनी दाजी दारात येतात आणि हातचा चहा घेत नाहीत, ह्याचा अर्थ कुणीही एकच लावला असता. त्याने कप हळूच टेबलावर ठेवला. "बरं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मास्तरांना तो बघवेना.

"अरे, तसं नाही. घेता येत नाही. आठपर्यंत दूध चालत नाही."

"का?"

"गोळी घेतलीय."

"कसली?"

"हाडाची."

"कुठल्या हाडाची, दाजी?"

आता वरचं म्हणून भागणार नव्हतं. वर्तमानपत्रही जवळ नव्हतं. मास्तरांनी स्वतःच्या कपाळावर दोन बोटं आपटली, ती एकतीस वर्षं आपटत होते तशीच. "ह्याची. वाढलंय. साडेतेवीस झालंय. बावीस राहिलेलं नाही आणि परत होणारही नाही. फर्मा मी चुकवला, तू सुधारत होतास, आणि मी तुला हाकलून दिलं. आणि ते दारात उभं करण्याचं जे बोललो..." मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. "ते खोटं होतं, बारक्या. बायकोचा भाऊ नसतास तरी मी तुला शोधत आलो असतो."

बारक्या खाटेच्या कडेवर बसला. 

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "चार वर्षांपासून. फर्मा वाढला की तुमच्या चष्म्याच्या काड्याही फाकायच्या. तेव्हाच कळलं. पण माणसाला कसं सांगायचं की तुमचं डोकं वाढतंय? भलतंसलतं काही निघालं असतं तर? मला भीती वाटली, दाजी. म्हणून कापडातून कमी करत गेलो. मी तेव्हा नीट बोललो असतो तर ही गोळी चार वर्षं आधी सुरू झाली असती."

"तेव्हा बोलला असतास तर मी तुला चार वर्षं आधी हाकललं असतं," मास्तर म्हणाले.

बारक्या हसला. मास्तरही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांनी पिशवीत हात घातला तर हाताला टोपी लागली. त्यांनी ती बाहेर काढली.

"तू बघायचास कशावर? फर्म्यावर भरवसा नव्हता, लाकडी डोकं नाही."

"तुम्ही जेवायला गेलात की मी घालून बघायचो," बारक्या खाली मान घालून म्हणाला. "माझं बावीसच आहे."

मास्तर उठले आणि करडी टोपी त्यांनी मेहुण्याच्या डोक्यावर ठेवली. तो बसलेला होता म्हणून हात पोचला. टोपी सरळ खाली गेली आणि कानाच्या वर एक बोट येऊन थांबली. मास्तर दोन पावलं मागे सरले आणि एक डोळा मिटून बघितलं. एकतीस वर्षं जपलेली वस्तू दुसऱ्याच्या डोक्यावर इतकी नीट बसलेली ते पहिल्यांदाच बघत होते. बारक्या टोपी काढायला लागला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला.

"असू दे. दुकानाचं माप आहे. आजपासून तुझ्याकडे."

सातला वीस झाले होते. बारक्याने आपल्या कोऱ्या चहाला तोंडही लावलं नव्हतं. मास्तर म्हणाले, तू तरी घे. तो म्हणाला, आठला नवीन करतो, खालून दूध आणतो, दोघं मिळून घेऊ. मग नुसतं काय बसायचं म्हणून त्याने खाटेखालून फडक्यात गुंडाळलेली कात्री काढली, पडद्यांच्या दुकानातली मापांची एक छोटी वही आणि पेन्सिल घेतली, आणि दाजींच्या गळ्यातली टेप अलगद ओढून घेतली.

"बसा नीट," तो म्हणाला. "तुमच्याकडे आता टोपी नाही. गिऱ्हाईक उघड्या डोक्याने परत पाठवायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय."

मास्तर बसले, ताठ. बारक्याने टेप गुंडाळली, अंगठ्याने खूण धरली, उजेडात जाऊन बघितली आणि वहीत लिहिलं. एकतीस वर्षं ज्याने गावाची मापं घेतली, तो आज पहिल्यांदा मापांच्या वहीत गेला.

"साडेतेवीस," बारक्या म्हणाला, आणि पेन्सिल कागदावर तशीच टेकवून त्याने दाजींकडे न बघता विचारलं, "वाढीला जागा ठेवू का?"

"नको," मास्तर म्हणाले. "आता वाढणार नाही. गोळी चालू आहे."